रस्त्याला नमस्कार

४ ऑगस्ट १९९३

ही वही कोचच्या हाती पडायची नाही. त्यांना दाखवायची ती वेगळी, निळ्या पुठ्ठ्याची. सकाळी किती किलोमीटर, दुपारी किती, चार वेळचं वजन, काय खाल्लं, आणि शेवटी 'आजचा धडा'. जेवणानंतर ती त्यांच्या दाराशी ठेवायची. सकाळी लाल शाईचा शेरा घेऊन परत येते. दहा वर्षं मी निळी वही भरते आहे आणि तिच्यात मनातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. आज मात्र लिहिलं नाही तर पोट फुटेल, म्हणून ही दुसरी. मोज्यांच्या कंपनीच्या टीममध्ये धावणाऱ्या बाईला रिकाम्या खोक्यांचा तोटा नाही. तशाच एका खोक्यात, लोकरी मोज्यांखाली ही राहील.

आज टीव्हीवाले वसतिगृहात आले होते, थेट सहा नंबरच्या खोलीत. खोली माझी आणि उमेहाराची, पण कॅमेरावाला मला म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर उभ्या राहता का? मध्ये येताय." मी बाहेर उभी राहिले, तिच्या सपाता हातात धरून.

उमेहारा चिनात्सु, वय एकवीस. हे आता जपानात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मार्चमध्ये ती आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावली आणि दुसरी आली. दुसरीला कोण विचारतं? पण रेषा ओलांडून बाकीच्या बाया घोंगड्यांत शिरत होत्या तेव्हा ही मागे वळली, टोपी काढली, आणि ज्या रस्त्याने धावत आली त्याला कमरेतून वाकून नमस्कार केला. चांगली दहा सेकंद वाकलेलीच राहिली. पहिली आलेल्या बाईचं नाव आज कुणाला आठवत नाही.

"हा नमस्कार तुम्हाला कुणी शिकवला?" टीव्हीवाल्या बाईने विचारलं.

उमेहाराने ओकिता कोचकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोचनी."

मी शिकवला! तीन वर्षांपूर्वी ती नवी होती, एका जिल्हा शर्यतीत शेवटून दुसरी आली आणि रस्त्याच्या कडेला रडत बसली. मी कॉलर धरून तिला उठवलं, रस्त्याकडे तोंड करून उभं केलं आणि म्हटलं, "एवढा वेळ त्याने तुझ्या लाथा खाल्ल्या. आधी त्याचे आभार मान, मग रड." देशभर गाजलेला नमस्कार तो हा. निळ्या वहीत मात्र आज लिहिलं, 'टीव्हीमुळे टीमची शोभा वाढली.'

५ ऑगस्ट

सकाळी धावताना ती माझ्या बरोबरीने आली. मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आणि टीमची कॅप्टन, म्हणून ती मला 'सेन्पाई' म्हणते. इथे वडीलधारीला नावाने हाक मारत नाहीत.

"सेन्पाई, रागावलात?"

"मी कशाला रागावू?"

"कोचनी आधीच सांगून ठेवलं होतं. असं विचारतील, असं सांग म्हणून."

"बरं. पाय उचल."

कोचवर ढकलून मोकळी झाली. गोड बोलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

१९ ऑगस्ट

कोचनी ऑफिसात बोलावलं. "इशिमोरी, तू आता किती वर्षांची?"

त्यांना माहीत आहे. माझ्या तोंडून ऐकायचं होतं. "अठ्ठावीस."

"एप्रिलपासून टीमला एक बाई सहायक कोच हवी आहे. मी नाव सुचवलं तर कंपनी नाही म्हणणार नाही. जानेवारीत उमेहारा निवडीची मॅरेथॉन जिंकली, आशियाई स्पर्धांना गेली, की तुझं काम झालं समज. नाहीतर..."

नाहीतर काय, ते दोघांनाही ठाऊक. डोंगरापलीकडच्या कारखान्यातलं पॅकिंग खातं. पाय थकलेल्या मुली तिकडे जातात आणि मोज्यांच्या जोड्या लावत म्हाताऱ्या होतात.

"ती तुझ्याशी बोलते," कोच म्हणाले. "लक्ष ठेव. काय खाते, कुणाला फोन करते, कुठे दुखतंखुपतं. निळ्या वहीत लिहीत जा."

मी तीनदा वाकून आभार मानले. धावण्यापलीकडे मला काही येत नाही. घरी वडिलांचा कालवांचा धंदा भावाने घेतला, माझ्या खोलीत आता त्याच्या पोरी झोपतात. सहायक कोच झाले तर ही सहा नंबरची खोली राहील, ट्रॅक राहील, सकाळची शिट्टी माझ्या गळ्यात येईल. हे मिळालं नाही तर माझ्याकडे काहीच उरत नाही.

१२ सप्टेंबर

गावच्या शाळेत खेळांचा दिवस. उमेहारा पाहुणी, मी तिची छत्री धरणारी. पन्नास मीटर धावून झालेली पहिलीतली पोरं शेवटच्या रेषेवर पटापट मागे वळली आणि सगळी मैदानाला वाकली. एक पोरगा इतका वाकला की तोंडावर आपटला. पालक हसून हसून बेजार. उमेहारा त्याला उचलायला धावली तर फोटोवाल्यांनी तिलाच घेरलं.

कंपनीने 'उमे मोजे' काढले आहेत, घोट्यावर तिच्या वाकलेल्या आकृतीचं विणकाम. दुकानात टिकत नाहीत. पत्रं तर पोत्याने येतात. कोच म्हणाले, तिला सरावातून वेळ कुठला, तू उत्तरं लिही. आता मी रोज जेवणाआधी तीस-चाळीस उत्तरं लिहिते, तिच्या अक्षरात, तिच्या सहीने. तिचं अक्षर डावीकडे कललेलं आहे, आणि सहीतल्या 'मे' या अक्षराची शेपटी ती उगाच लांब ओढते. मला आता माझ्यापेक्षा तिचंच अक्षर सुरेख जमतं.

एका आजीने लिहिलंय, 'गुडघे गेले आहेत, पण तुला पाहिल्यापासून रोज दारातल्या रस्त्याला नमस्कार करते.' मी उत्तर लिहिलं, 'आजी, प्रकृतीला जपा.' हे तरी मनापासून लिहिलं. सही अर्थातच तिची.

३ ऑक्टोबर

उमेहाराच्या उशीखाली तांदळाची मोची सापडली. गोड पुरणाची, अर्धी खाल्लेली. वसतिगृहात गोड आणायला बंदी आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आज तिचं सकाळचं वजन एकेचाळीस किलो तीनशे, म्हणजे कालच्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त.

मी निळ्या वहीत लिहिलं. कॅप्टनने नाही लिहायचं तर कुणी? कोचनी आठवडाभर तिचा भात बंद केला. ती जेवणाच्या टेबलावर समुद्रशेवाळ आणि सोयाबीनच्या मिसोचं पातळ पाणी घेऊन बसली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात काय होतं कोण जाणे. मला तरी टोमणाच वाटला.

उरलेली अर्धी मोची तिने माझ्यासाठी ठेवली होती, असं स्वयंपाकाच्या मावशी सांगत होत्या. काल माझा वाढदिवस होता ना. मावशींना कुणाचीही बाजू घ्यायची सवय आहे.

२४ ऑक्टोबर

चाळीस किलोमीटर झाले. शेवटचे पाच ती डावी पोटरी वाचवत धावत होती. मी शेजारून पाहिलं.

परतताना बसमध्ये तिने हळूच विचारलं, "सेन्पाई, तुमची पाळी शेवटची कधी आली?"

मला हसूच आलं. "सहा वर्षं झाली. तुझी?"

"दीड वर्ष."

"मग पेढे वाट की! कोच काय म्हणतात ठाऊक आहे ना? जिची पाळी चालू आहे तिचा सराव अपुरा. मला बंद झाली तेव्हा कोचनी लाल शाईत लिहिलं होतं, आता तू खरी धावपटू झालीस. मी ते पान कितीतरी दिवस परत परत उघडून बघायचे."

ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. या पोरीला कौतुकही पचत नाही.

१२ नोव्हेंबर

आज दुपारी सुट्टी. उमेहारा संध्याकाळी परत आली, दार लावलं, आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसली.

विम्याची कार्डं आम्हा सगळ्यांची कोचच्या कपाटात असतात. तिने दाताचं निमित्त सांगून आपलं मागून घेतलं आणि बसने डोंगरापलीकडे गेली. तातामी चटया विणणाऱ्याच्या दुकानाशेजारी सावामुरा म्हणून बाई डॉक्टर आहेत, बायकांच्या. त्यांनी तिच्या पोटरीचा फोटो काढला, हाडांची तपासणी केली.

"हाडं सत्तरीच्या बाईसारखी झालीत म्हणाल्या. पोटरीच्या हाडाला चीर आहे. सहा महिने धावणं बंद, पोटभर जेवण, आणि औषध. नाहीतर एक दिवस हाड मोडेल आणि नीट जुळणार नाही."

"जानेवारीचं काय?" मी विचारलं.

"सेन्पाई, कोचना मी स्वतः सांगणार आहे. फक्त थोडे दिवस द्या, मला धीर येऊ दे. अठराला डॉक्टर मला पुन्हा बोलावताहेत, कागद लिहून देणार आहेत, तो घेऊनच सांगेन. तोवर कुणाला बोलू नका." मग ती जरा पुढे सरकली. "आणि अठराला तुम्हीही चला. मी तुमचाही नंबर लावून आले आहे."

"माझा? मला काय झालंय?"

"सहा वर्षं, सेन्पाई."

मी तिला शांत करायला हो म्हटलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीसुद्धा. काय वजन लागलं म्हणता? एखादं मांजर टेकल्यासारखं.

१४ नोव्हेंबर

सांगितलं कोचना. वहीत लिहिलं आणि वर प्रत्यक्ष जाऊनही सांगितलं.

तिच्या भल्यासाठीच सांगितलं. एका खेड्यातल्या डॉक्टरणीचं ऐकून ती सगळं घालवून बसली असती. जानेवारी गेली तर तिची निवड गेली, आणि एप्रिलची माझी जागाही गेली. मुलगी घाबरली आहे, इतकंच. मीही बाविसाव्या वर्षी घाबरले होते, मला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, आणि मी काही मेले नाही. अजून धावते आहे.

कोचनी शांतपणे ऐकून घेतलं. सकाळी वही परत आली. लाल शाईत लिहिलं होतं: 'बरं केलंस. यापुढे कुणाशी बोलू नकोस.'

१८ नोव्हेंबर

दुपारी अचानक डोंगरावर वीस किलोमीटर लावले. उमेहाराचं विम्याचं कार्ड कोचनी सकाळीच परत घेतलं, औषधाची पुडीही. सगळ्यांसमोर फक्त हात पुढे केला. तिने दोन्ही दिले.

मला वाटलं आता आकांडतांडव होईल. ती खोलीत आली, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि विचारलं, "सेन्पाई, माझी टोपी पाहिलीत का?"

मी दिली. ती म्हणाली, "आभारी आहे." बस्स. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलते. रागवायचं तर रागव बाई, शिव्या दे! हे असं मुकाट राहून मला गुन्हेगार करणं कुठला न्याय? तीन वर्षं पाठच्या बहिणीसारखं सांभाळलं तिला.

१२ डिसेंबर

एकिदेन. सहा जणींची शर्यत, खांद्यावरचा कंपनीचा पट्टा एकीने दुसरीच्या हातात द्यायचा. पाचवा टप्पा उमेहाराचा, शेवटचा माझा. दहा वर्षांत मला शेवटचा टप्पा कधी दिला नव्हता. ही कोचची बक्षिशी, मला कळतं.

ती आठवी असताना पट्टा घेऊन निघाली आणि तिसरी येऊन पोचली. रस्त्याच्या दोन्ही कडांनी "उमे! उमे!" असा नुसता गजर. माझ्याकडे येताना तिचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. पट्टा देताना मागची पुढचीला ओरडून काहीतरी म्हणते, 'जा!', 'सांभाळ!', काहीही. तशी रीतच आहे. हिने पट्टा माझ्या हातात कोंबला आणि तोंड उघडलं नाही. लाखो लोकांदेखत.

मी त्या रागाच्या भरात धावले. तिसऱ्याच आलो. उजव्या जांघेत कळ येत होती, पण शेवटच्या रेषेवर मागे वळून मी रस्त्याला नमस्कार केला. एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, "बघ, ही उमेहाराची नक्कल करते."

तंबूमागे उमेहारा बर्फात पाय घालून आडवी होती. मी पाणी नेऊन दिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या लंगडणाऱ्या पायाकडे पाहिलं, आणि डोळे मिटले.

२ जानेवारी १९९४

जुन्या वर्षाच्या निळ्या वह्या कोचनी नेहमीप्रमाणे गोळा करून नेल्या. नव्या मिळाल्या. आज नववर्षाच्या सारात, झोनीत, मोचीचा एकच तुकडा, उमेहाराला तोही नाही. स्टेशनबाहेर तिचं दोन मजली उंच चित्र लागलंय, खाली लिहिलंय, 'देश तुझ्यामागे आहे.' नवीन वर्षाच्या शुभेच्छांची चार हजारांवर पत्रं आली. माझी बोटं सुजली आहेत.

३० जानेवारी

आजच लिहायला हवं.

मला पस्तीस किलोमीटरच्या खुणेवर उभं केलं होतं, तिला वेळ ओरडून सांगायला. ती पहिली होती. दुसरीपेक्षा दोनशे मीटर पुढे! मागे टीव्हीची गाडी, रस्त्यावर माणसांच्या भिंती. मी घड्याळ बघून ओरडले, "विक्रम होतोय! उमेहारा, चल!"

ती माझ्यापासून वीस पावलांवर थांबली. धडपडली नाही, पडली नाही. थांबली. मागे वळली, टोपी काढली आणि पस्तीस किलोमीटरच्या त्या रस्त्याला वाकून नमस्कार केला. लोकांना आधी कळेचना. काहींनी टाळ्या वाजवल्या. मग ती एका पायावर उड्या मारत फुटपाथवर आली आणि माझ्या पायाशी बसली.

मी तिचे दंड धरले. "ऊठ! सातच किलोमीटर राहिलेत! चालत गेलीस तरी चालेल, ऊठ!"

ती घामाने निथळत होती. मला म्हणाली, "सेन्पाई, तुम्ही सावामुरा डॉक्टरांकडे गेलात का?"

सगळा देश बघतोय, दुसरी बाई शेजारून निघून जातेय, माझा एप्रिल माझ्या डोळ्यांदेखत रस्त्यावर पडलाय, आणि ही डॉक्टरचं विचारते! मी म्हटलं, "तू केसाने गळा कापलास माझा."

तिने मान हलवली. हो म्हणाली की नाही, मला कळलं नाही. तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

९ फेब्रुवारी

हाड मोडलंय. पळतानाच मोडलं होतं, बत्तीस किलोमीटरच्या आसपास, असं दवाखान्यात सांगितलं म्हणे. म्हणजे तीन किलोमीटर ती तशीच... जाऊ दे.

आज तिने दवाखान्यातल्या पलंगावरून पत्रकारांशी बोलून टाकलं. आम्ही सगळ्या जेवणाच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो होतो. "मी धावणं सोडते आहे. पायाचं मला नोव्हेंबरपासून माहीत होतं. लोकांना फसवलं, माफ करा." आणि पलंगावरच जमेल तेवढी वाकली.

एकाने विचारलं, "नोव्हेंबरपासून? मग टीममध्ये कुणालाच माहीत नव्हतं? तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

ती म्हणाली, "कुणालाच नाही. माझं मीच लपवलं."

मी उठून खोलीत आले. नमस्कार शिकवला तेव्हा मी नव्हते, आणि आताही मी नव्हतेच. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती ती कुणाच्या मग? तीन वर्षांत तिच्या तोंडातून एकदाही माझं नाव बाहेर निघालं नाही.

१७ फेब्रुवारी

पत्रं अजून येतात. पण आता निराळी. 'खोटारडी.' 'माझ्या मुलीने तुझे मोजे फाडून टाकले.' एकाने मोजेच परत पाठवलेत, न धुता. स्टेशनवरचं चित्र उतरवलं. कोच म्हणाले, उत्तरं देऊ नकोस. त्या गुडघे गेलेल्या आजींचं मात्र आलंय, 'पाय बरा होईपर्यंत तुझ्या वाटचा नमस्कार मी करते.' ते मी फेकलं नाही. का ते सांगता येणार नाही.

उमेहाराची आई येऊन तिचं सामान घेऊन गेली. माझ्यासमोर वाकून म्हणाली, "पोरगी फोनवर सारखं तुमचंच सांगायची. सेन्पाई असं म्हणाल्या, सेन्पाई तसं म्हणाल्या. फार सांभाळलंत तिला." त्या बाईला काहीच माहीत नव्हतं. मी चहासुद्धा विचारला नाही.

२८ फेब्रुवारी

कंपनीची चौकशी झाली. आतल्या आत, लाकडी टेबलाभोवती, वाफाळत्या चहासह.

ओकिता कोच म्हणाले, "मला कळलं असतं तर मी तिला एक पाऊल धावू दिलं नसतं. दोघी एकाच खोलीत राहत होत्या. कॅप्टनने माझ्या कानावर घालायला हवं होतं."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली. मी म्हटलं, "कोच, मी चौदा नोव्हेंबरला सांगितलं. निळ्या वहीत आहे. तुमचा लाल शेरा आहे खाली."

ते कंपनीच्या साहेबांकडे वळून म्हणाले, "जुन्या वह्या दरवर्षी जाळतो आम्ही. इशिमोरीवर ताण आला आहे, समजू शकतो."

साहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. दहा वर्षं. त्यांच्या लाल शाईसाठी मी उपाशी राहिले, तापात धावले, भावाच्या लग्नाला गेले नाही. त्यांनी माझी वही जाळली आणि माझं तोंडही बंद केलं. मला ओरडायचं होतं. मी वाकले, आणि बाहेर आले.

एकतीस मार्चला बदली. पॅकिंग खातं.

३१ मार्च

सामान बांधलं. एका पाकिटात माझं विम्याचं कार्ड परत मिळालं. दहा वर्षांनी हातात आलं. मागे फोटोत मी अठरा वर्षांची आहे आणि गाल आहेत.

निरोपाला टीममधल्या पोरी रांगेत उभ्या होत्या. कोच आले नाहीत. फाटकाशी मागे वळून ट्रॅकला नमस्कार करावा असं मनात आलं. केला नाही. आभार मानावेत असं काही सापडेना.

६ एप्रिल

काल पॅकिंग खात्यात शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उजवा पाय जांघेतून निसटल्यासारखा झाला. पडले. हातातलं खोकं फुटून 'उमे मोजे' सगळीकडे पसरले. उरलेला माल, घोट्यावरची आकृती उसवून विकणार आहेत. फोरमनबाई म्हणाल्या, "दोन थांब्यांवर डॉक्टर आहेत, जाऊन या." आज गेले. तातामीच्या दुकानाशी बस थांबली तेव्हा कळलं की हे तेच.

परत फिरणार होते. पण पुढची बस तासाने होती आणि मला उभं राहवत नव्हतं.

खिडकीतल्या बाईला नाव सांगितलं. तिने विम्याचं कार्ड घेतलं, वाचलं, आणि एकदम मान वर केली. "इशिमोरी नोबुए? अहो, तुमचा फॉर्म आहे इथे! नोव्हेंबरपासून आहे."

तिने खणातून काढून दिला. अक्षर डावीकडे कललेलं. त्या अक्षरात मी हजारो पत्रं लिहिली आहेत, पण यातलं एक अक्षरही माझं नव्हतं. इशिमोरी नोबुए, वय एकोणतीस, धावपटू. 'त्रास' या रकान्यात लिहिलं होतं: 'पाळी सहा वर्षं नाही. उजवी जांघ दुखते, पण कुणाला सांगत नाहीत. स्वतःहून बोलणार नाहीत, कृपया विचारा.' 'अडचणीत कुणाला कळवावं' तिथे तिचं नाव होतं, आणि नात्यापुढे 'धाकटी बहीण'. वसतिगृहाचा फोन नंबर खोडून वर दुसऱ्या शाईत तिच्या आईच्या घरचा लिहिला होता.

"हा नंबर नंतर बदलला?" मी विचारलं.

"मागच्या महिन्यात. कुबड्या घेऊन आल्या होत्या उमेहारा-सान. आम्ही म्हटलं, या बाई काही येत नाहीत, फॉर्म काढून टाकतो. तर म्हणाल्या, ठेवा. उशिरा येतील, पण येतील."

मागच्या महिन्यात. म्हणजे मी तिला गळा कापलास म्हटलं त्यानंतर. टीव्हीवर 'कुणालाच नाही' म्हणाली त्यानंतर.

सावामुरा डॉक्टर माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, आणि मी सगळं खरं सांगितलं, एकेक वर्ष. जांघेच्या हाडाला चीर आहे. माझीही हाडं सत्तरीची. जेवा म्हणाल्या, पोटभर.

येताना मोची घेतली, गोड पुरणाची. आता इथे अंथरुणावर बसून ही वही पहिल्यापासून वाचून काढली. कोचनी जाळली ती निळी, पण चौदा नोव्हेंबर या वहीतही आहे. 'तिच्या भल्यासाठीच सांगितलं' असं लिहिलंय, आणि दोनच वाक्यांनी एप्रिलची माझी जागा. इतके दिवस मी या खोक्यात कुणाकुणाचा विश्वासघात भरून ठेवला! उमेहाराचा, कोचचा, कंपनीचा. कोचनी केला तो केलाच, त्यांना मी सोडणार नाही. पण उमेहाराचा एकही सापडला नाही. त्या खोलीत दोघीच राहत होतो, आणि गळा कापणारी मी होते.

अर्धी मोची खाल्ली, अर्धी ठेवली आहे. खालच्या मजल्यावर फोन आहे. फॉर्मवरचा नंबर हातावर लिहून आणलाय. एवढं पान संपलं की पायऱ्या उतरते, एकेक करून, कारण डॉक्टरांनी तसंच सांगितलंय.